वहीतली रिकामी ओळ

धर्मगुरूला घरी बोलावतात ती निमित्ते ठरलेली असतात. नव्या घराचा आशीर्वाद, आजाऱ्याची भेट, मुलीच्या लग्नाची बोलणी, कधी भावाभावांतला तंटा. गेल्या महिन्यात कबनूरहून एका वहिनींचा निरोप आला तेव्हा मला वाटले, यांपैकीच काहीतरी असेल. फोनवर त्या म्हणाल्या, “फादर, गुरुवारी संध्याकाळी या. प्रार्थनेला न्हाई, हिशेबाला या. ह्यांची रिटायरमेंट जवळ आलीय.”

मी थोडा अवघडलो. संसाराच्या हिशेबाशी माझा संबंध तो काय? सेमिनरीत असताना आम्हाला महिन्याकाठी हातखर्चाला जे काही मिळे त्याची वही ठेवावी लागे. साबण, टपाल, दाढीचे ब्लेड एवढ्यातच ती संपे. पुढे धर्मग्रामाचे हिशेब ठेवले. पण दोन माणसांनी उरलेले आयुष्य किती रुपयांत काढायचे, हे मी कधी बेरीज करून पाहिलेले नाही. तरीही गेलो. न जाण्यासाठी कारण सापडले नाही, आणि जाण्यासाठी एक जुने कारण मनात होते. ते पुढे सांगतो.

कबनूर इचलकरंजीला इतके चिकटलेले आहे की गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यानंतर या पट्ट्याचे जगणे मागाच्या तालावर चालू लागले. आजही कबनूरच्या गल्लीत शिरलो की दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू येते. बोलताना आवाज चढवावा लागतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. मागावर राबणाऱ्या बहुतेकांना आठवड्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस एवढेच ठाऊक. फंड, पेन्शन हे शब्द त्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्या मानाने आमचे अण्णा भाग्यवान. १९९६ साली ते एका सूतगिरणीत लागले, रिंग फ्रेम खात्यात तीस वर्षे तीन पाळ्यांत काम केले, आणि येत्या मे महिन्याच्या अखेरीस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांना फंडही आहे आणि पेन्शनही.

मी पोहोचलो तेव्हा वहिनींनी सोप्यात सतरंजी अंथरली होती. मध्ये शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही, पेन, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले अण्णांचे कागद. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. शाळेत पालकांना बोलावल्यावर मुलगा बसतो तसे.

“ह्यांना सगळं ‘बघू’ वाटतंय,” वहिनी म्हणाल्या. “आता बघायचं कधी? मे महिना आला की.”

आता ते जुने कारण. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथले एक कामगार निवृत्त झाले. कंपनीकडून जी काही रक्कम एकत्र मिळाली, ती सगळी त्यांनी दोन मुलांना वाटून दिली. एकाच्या घरावर स्लॅब पडला, दुसऱ्याने दुकान घातले. स्वतःसाठी त्यांनी काहीही ठेवले नाही. मला त्या त्यागाचे इतके कौतुक वाटले की पुढच्या रविवारी उपदेशात मी त्यांचे उदाहरण दिले. बाप असावा तर असा, असे म्हणालो. त्यांची पत्नी पुढच्याच बाकावर बसली होती. तीन वर्षांनी ते गेले. कामगारांच्या पेन्शन योजनेत पतीच्या पश्चात विधवेला त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. त्या काळी त्यांची पेन्शनच हजार-बाराशेची, तिचे निम्मे किती झाले असेल ते वाचकांनीच करून पाहावे. मुले वाईट नव्हती; दुकान बसले, त्यांच्याच डोक्यावर कर्ज होते. एके दिवशी ती बाई मिशन हाऊसवर आली आणि म्हणाली, “फादर, देवळात झाडलोटीचं काम असेल तर सांगा.” मी काम दिले. ज्या देवळात मी तिच्या नवऱ्याच्या त्यागाची तारीफ केली होती, तेच देऊळ ती पुढे कित्येक वर्षे झाडत राहिली. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण मी त्या दिवशी उपदेश करण्याऐवजी तिला एवढेच विचारायला हवे होते की, ‘बाई, तुमच्यासाठी काय ठेवलेय?’

म्हणून मी कबनूरच्या त्या सतरंजीवर बसलो आणि पहिल्यांदाच ठरवले की आज उपदेश करायचा नाही, फक्त बेरजा तपासायच्या.

आधी येणाऱ्या पैशाचे पान. अण्णांचा पगार अठरा हजार. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: महिना सव्वीस दिवसांचा धरायचा आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. तीस वर्षांचे ३ लाख ११ हजार होतात. फंडातून मुलीच्या लग्नाला एकदा उचल झाली होती; शिल्लक सात लाखांच्या आसपास. म्हणजे एकरकमी दहा लाख आणि वर अकरा हजार. अण्णांनी आकडा ऐकून मान वर केली. एवढी रक्कम त्या घरात कधी एकत्र उच्चारली गेली नव्हती.

पेन्शनचे पान मात्र छोटे निघाले. १९९५ च्या योजनेत पेन्शन ठरते ती पूर्ण पगारावर नव्हे, मर्यादित पगारावर. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पर्यंत साडेसहा हजार होती, नंतर पंधरा हजार झाली. त्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. वीस वर्षांहून अधिक नोकरी असेल तर दोन वर्षे वाढवून मिळतात. जुन्या मर्यादेची अठरा वर्षे आणि नव्या मर्यादेची बारा, असे वेगवेगळे मांडून पाहिले तर महिना साडेचार हजारांच्या आसपास येते. अण्णा समजत होते, निम्मा पगार तरी मिळेल. शेजारचे शिक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांना तसा मिळाला होता. “ते सरकारी, आपण गिरणीतले,” वहिनींनी समजावले. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज साडेचार हजार तर दहा वर्षांनीही, कायदा बदलला नाही तर, साडेचार हजारच.

मग दहा लाखांचे काय करायचे? पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आहे. तिला वयाची साठ वर्षे लागतात. पण निवृत्त झालेल्याला पंचावन्नपासूनही खाते उघडता येते, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पाच वर्षांची मुदत, व्याज दर तिमाहीला. २०२३ च्या एप्रिलमध्ये व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. आम्ही तोच धरला. दहा लाखांवर वर्षाला ८२ हजार, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या आसपास. पेन्शन मिळवून ११,३००.

आता खर्चाचे पान. ते वहिनींनी आधीच लिहून ठेवले होते, कारण गेली तीस वर्षे त्याच ते लिहीत आहेत. किराणा आणि धान्य ४,२००. दूध, भाजी, अंडी, रविवारचे मटण २,८००. वीज, गॅस, घरफाळा आणि पाणीपट्टी महिन्यावर वाटून १,५००. दोघांची औषधे १,२००. मोबाईल आणि केबल ५००. वडाप-एस.टी. ४००. आहेर, वर्गणी, मयतीचे जाणे-येणे ६००. बेरीज ११,२००.

“शंभर रुपये उरत्यात,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होते. त्या शंभर रुपयांसाठी त्यांनी किती रात्री ती बेरीज केली असेल, हे मला दिसत होते.

मी विचारले, “आणि लाडकी बहीणचे?” २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेचे दीड हजार त्यांना येतात. वहिनींनी मान हलवली. “ते मी हिशेबात धरत न्हाई फादर. आज हाय, उद्या बंद झालं तर? ते दवाखान्याच्या डब्यात.” मला हे शहाणपण फार आवडले. येतील त्या पैशावर नव्हे, राहतील त्या पैशावर घर उभे करायचे.

इतका वेळ गप्प असलेले अण्णा खाकरले. “माझं सातशे धरलं न्हाई,” ते म्हणाले.

“कसलं सातशे?”

“टपरीवरचा चहा तीनशे. माव्याचं चारशे. पगारातनं मी आधीच बाजूला काढतोय.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पेन उघडले, आणि बेरजेखाली सातशे लिहिले. उरलेले शंभर गेले आणि सहाशेची तूट आली. तीस वर्षांच्या संसारात जी ओळ वहीत नव्हती, ती त्या संध्याकाळी आली. मला वाटते, अण्णांना ती सांगायला मला बोलावण्याइतकेच धैर्य लागले असेल.

तोवर मुलगा आला. तो इचलकरंजीत वेगळा राहतो, दुसऱ्याच्या शेडमध्ये मागावर आहे. कष्टाळू मुलगा. त्याची इच्छा मला आधीच कळली होती: जुने दोन माग विकत मिळतात, शेड भाड्याने आहे, पाच लाख मिळाले तर मजुरी सोडून स्वतःचे सूत फिरवता येईल. “पप्पांचे पैसे पोस्टात पडून काय करणार फादर? मागावर टाकले तर वाढतील,” तो म्हणाला. त्याचे चूक नव्हते. या गावात बापाच्या पैशातून माग घेऊनच कित्येक घरे उभी राहिली आहेत. पण सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नसला की माग बंद ठेवावे लागतात, हेही या गावाने कित्येकदा पाहिले आहे.

मी त्याला काहीच सांगितले नाही. वही त्याच्यापुढे सरकवली. पाच लाख गेले तर व्याज निम्मे होते. पेन्शन धरून महिन्याला ७,९००, आणि खर्च ११,९००. मग मी दुसरी बेरीज करून दाखवली. अण्णांना काही झाले तर पेन्शनही निम्मी होते, सव्वादोन हजार. तेव्हा आईच्या हातात किती राहतील? मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. सूचना म्हणून नव्हे, आठवण म्हणून मी लूकच्या शुभवर्तमानातला तो दृष्टान्त काढला. मनोरा बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, एवढेच त्यात आहे. आम्ही तो शिष्यत्वाच्या किमतीसाठी शिकलो. पण ‘आधी बसून’ हे दोन शब्द संसारालाही लागू पडतात, हे मला कबनूरला उमगले.

शेवटी ठरले ते असे. आठ लाख पोस्टात, पतीपत्नीच्या संयुक्त खात्यात. एक लाख बँकेत ठेव म्हणून, आजारपणाला, ज्याला कोणी हात लावायचा नाही. आणि एक लाख मुलाला, पण देणगी नव्हे, उसने; महिन्याला दोन हजारांप्रमाणे पन्नास महिन्यांत परत. वहीत तिघांनी सह्या केल्या. एक माग होईल, दोन नाही. मुलाचा चेहरा पडला होता हे मी लपवत नाही. पण तो उठून गेला नाही.

आठ लाखांचे व्याज महिन्याला ५,४५० धरले. पेन्शन ४,५००, मुलाकडून २,०००. एकूण ११,९५०. खर्च, सातशे धरून, ११,९००. पन्नास रुपये उरले.

मी उठण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात वहिनींनी वहीचे पान उलटले. पानाच्या तळाशी त्यांनी एक ओळ आखून ठेवली होती: ‘ह्यांचा छंद’. पुढे आकडा नव्हता.

अण्णांच्या घरी एक पेटी आहे, वडिलांच्या काळची. भाता फाटला आहे, तीन-चार पट्ट्या बोलत नाहीत. तरुणपणी त्यांचा हात चांगला होता असे म्हणतात. पण पाळी दर आठवड्याला बदलायची, शिकवणीची वेळ ठरायची नाही, आणि पेटी माळ्यावर गेली. “ते राहू दे,” अण्णा म्हणाले. “या वयात कसला छंद? खायला पुरलं तरी खूप झालं.”

वहिनी एकदम तापल्या. “आणि दिवसभर करणार काय? कट्ट्यावर बसणार? तीस वर्षं तुम्ही घरी आलासा ते झोपायला. आता चोवीस तास माझ्या चुलीपुढं बसून ‘चहा टाक, चहा टाक’ करणार. मला न्हाई सोसायचं ते.”

आम्ही सगळे हसलो, पण त्या थट्टा करत नव्हत्या. गल्लीतल्या एका निवृत्ताचे त्यांनी सांगितले. सहा महिन्यांत माणूस खचला, कशातच मन लागेना, घरात रोज भांडण. पैसा त्यांच्याकडे अण्णांपेक्षा जास्त होता. सकाळी उठून जायला जागा नव्हती.

वाचकहो, मी इतकी वर्षे छंदाला चैन समजत आलो. पोट भरल्यावर उरले तर करायची गोष्ट. वहिनींनी त्याला किराणा आणि औषध यांच्या पंगतीला बसवले होते. ज्या माणसाचा दिवस तीस वर्षे भोंग्याने ठरवला, त्याला भोंगा थांबल्यावर दुसरे काहीतरी हवे, आणि त्याला पैसे लागतात. थोडे, पण ठरलेले. ठरलेले नसले की पहिल्याच महागाईला ते जातात.

अण्णा वहीकडे पाहत म्हणाले, “माव्याचं चारशे तिकडं लिव.” पेटीच्या शिकवणीला गावात तेवढेच पडतात. चहाचे तीनशे मात्र त्यांनी सोडले नाहीत, आणि कोणी आग्रहही केला नाही. मावा सुटेल का, हे मी सांगू शकत नाही; पण वहीत आता त्याच्यासाठी जागा नाही. पेटीच्या दुरुस्तीला दहा लाखांवरचे अकरा हजार आहेत. पेटी मिरजेला न्यायची. सतारी आणि तंबोरे घडवणारे ते गाव इथून तासा-सव्वातासावर आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे पेटीला हात लावणारा कारागीरही भेटेल.

मी विचारले, “वहिनी, तुमची ओळ कुठे आहे?” वीस वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारायचा राहिला, तो मी त्या दिवशी विचारला.

त्या गोंधळल्या. “मला कुठला छंद?”

मी थांबलो. बाहेर माग चालू होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “छंद न्हाई फादर. सुट्टी पायजे. हे रिटायर होणार, मी कधी होणार? महिन्यातनं दोन दिवस गडहिंग्लजला बहिणीकडं जावं, तिच्या हातचं खावं, तेवढंच.”

खोलीत कोणी बोलले नाही. मग अण्णांनीच हिशेब केला. केबलचे तीनशे बंद करायचे. बातम्या मोबाईलवर बघता येतात. उरलेले पन्नास धरून साडेतीनशे. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे येण्या-जाण्याचे भागून भाच्यांना खाऊही होतो. “आणि त्या दोन दिवसांत तुमच्या जेवणाचं?” मी अण्णांना विचारले. “भात येतो मला,” ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असे पाहिले की तीस वर्षांत ही माहिती त्यांना नव्याने मिळाली असावी.

हा हिशेब कायमचा नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पन्नास महिन्यांनी मुलाचे दोन हजार थांबतील. पोस्टाची मुदत पाच वर्षांनी संपेल. पुढे तीन वर्षे वाढवता येते, पण तेव्हाचा दर तेव्हा ठरेल. दूध, तेल, औषध आजच्या भावाला राहणार नाही. लाखाची ठेव एका मोठ्या आजारात जाऊ शकते. त्यावर एक आधार आम्हाला कागदांतच सापडला. राज्य विमा योजनेत असलेला कामगार नियत वयाला निवृत्त झाला, आणि विम्यात त्याची किमान पाच वर्षे भरलेली असली, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि पत्नीला उपचार पुढे चालू ठेवता येतात. ही गोष्ट गिरणीत अण्णांना कोणी सांगितली नव्हती. माझी विनंती आहे की आपल्या धर्मग्रामात जे कोणी कारखान्यातून निवृत्त होत असतील, त्यांनी ती आवर्जून विचारावी. आणि पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरू नये.

आता दर वर्षी मे अखेरीस पुन्हा वही उघडायची, असे ठरले आहे. मलाही बोलावणार आहेत. धर्मगुरूने पंचाहत्तराव्या वर्षी धर्मग्रामाचा राजीनामा सादर करावा, असा आमचा नियम आहे. माझ्याकडे अजून वेळ आहे. तरीही त्या रात्री परत आल्यावर मी टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली. येणे आणि खर्च यांची पाने सहज भरली. शेवटी ‘छंद’ असे लिहिले आणि पेन हातात धरून बराच वेळ बसलो. ती ओळ अजून रिकामी आहे.